लाल फडकं बांधलं की झालं?

काल संध्याकाळी साडेसातला ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तुर्भ्याच्या जरा पुढे, माझ्यापुढचा टेम्पो कचकन थांबला. हेल्मेटच्या काचेपासून वीतभर अंतरावर सळयांची टोकं. मागे बायको बसलेली. तिने माझा शर्ट इतका आवळला की खांद्याची शिवण उसवली. टेम्पोचे मागचे दिवे सळयांच्या भाराखाली झाकलेले, मग त्याने ब्रेक मारला हे मला कळणार कशावरून? टोकाला बांधलेलं होतं एक मळून काळं झालेलं लाल फडकं. रात्री ते दिसतं कुणाला?

हातपाय थरथरत होते तरी गाडी पुढे काढून त्याला गाठलं. म्हटलं, "दादा, आत्ता दोन माणसं गेली असती." तो म्हणाला, "साहेब, माल मी भरला नाही. शेठ बोलले, दोन फेऱ्यांचं भाडं नाही देणार, एका खेपेत टाक. मी नाही बोललो असतो तर दुसरा टेम्पो उभाच होता." खरं बोलत होता तो. त्याच्या पाठीमागे केबिनचा पातळ पत्रा. सुट्या सळया जोरात ब्रेक मारला की पुढे सरकतात आणि तो पत्रा फोडून थेट ड्रायव्हरच्या पाठीत घुसतात. माझ्याआधी तोच मेला असता.

माझा सगळा राग आहे तो माल भरून देणाऱ्या शेठवर. गाडीचं पासिंग म्हणजे मंजूर वजन किती, हौदा किती फूट, सळई किती फूट, हे सगळं माहीत असून वजनकाट्याची काटापावती फाडून गाडी फाटकाबाहेर सोडणाऱ्यावर. काट्यावर आकडा दिसत नाही का? दिसतो. त्याच आकड्यावर बिल बनतं!

आणि कायदा नाही म्हणायला जागा नाही. बाहेर डोकावणारा माल न्यायची जी सवलत नियमांत होती ती 2014 मध्येच काढून टाकली. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. हौद्याबाहेर माल निघाला तरी 20,000. कलम 194 मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती तशी चालवायला लावणाराही येतो. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी जागची हलवू द्यायची नाही, हेही तिथेच लिहिलंय. गेली बारा वर्षं या पट्ट्यात ये-जा करतोय, रस्त्याकडेला माल उतरवून घेताना एकदाही पाहिलेलं नाही. दंडाची पावती फाडतात आणि तीच गाडी, तोच माल, तशीच पुढे जाते. मग दंड कसला, ते तर रस्त्याचं भाडं झालं.

त्यात 2018 मध्ये वजनाची मर्यादाच वाढवली. दोन एक्सलच्या ट्रकला मालासकट एकूण वजन 16.2 टन होतं ते 18.5 केलं. तरीही पुरत नाही यांना. स्प्रिंगचे पाटे सरळ होईपर्यंत खडी भरायची, वर ताडपत्री नाही, मागचा फाळका धड लागत नाही, आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात कच जाते. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात असले डंपर चढताना दम तोडतात आणि उतरताना त्यांचे ब्रेक तापून धरेनासे होतात. मग म्हणायचं "ब्रेक फेल झाला." अरे, ब्रेक फेल झाला नाही, तुम्ही केलात! जेवढ्या वजनाचा ब्रेक तेवढंच वजन टाकलं असतं तर धरला असता.

कंटेनरचं तर विचारूच नका. उरणच्या बंदरातून निघालेला ट्रेलर, डबा नुसता ठेवलेला, चार कोपऱ्यांची लॉकं फिरवायला पाच मिनिटं लागतात तीही वाचवायची. आत माल एका अंगाला रचलेला असला तर मुंब्रा बायपासच्या वळणावर डबा कलंडतो, ट्रेलरलाही घेऊन जातो. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याला आत माल कसा रचलाय हे कुठून कळावं?

रस्त्यांबद्दलही बोलतोच. एक्सलवर दीडपट वजन आलं की रस्त्याची झीज दीडपट होत नाही, जवळजवळ पाचपट होते. घोडबंदर रोडच्या ज्या खड्ड्यांना आपण पावसाळाभर शिव्या घालतो, त्यांतले कितीतरी पावसाने एकट्याने पाडलेले नाहीत. त्याच खड्ड्यात दुचाकी घसरते आणि मागून तसलाच भरलेला डंपर येतो, ज्याला वेळेत थांबता येत नाही.

माल जिथून भरला त्या गोदामाचं नाव चलानवर आलं पाहिजे आणि दंड त्याच्या खात्यातून गेला पाहिजे. काटापावतीवर त्याचाच शिक्का असतो, शोधायला जायची गरज नाही.

काल तो टेम्पोवाला बोलणं संपल्यावर खाली उतरला. सुटत आलेलं फडकं पुन्हा गाठ मारून घट्ट केलं, सळया हाताने आत ढकलून पाहिल्या. हलल्या नाहीत. मला म्हणाला, "तुम्ही थोडं लांबून चला साहेब, अजून भिवंडीपर्यंत जायचंय."