वेल्समध्ये म्हणे गाढवही निवडून येतं!

ब्रिटनच्या राजकारणाचा विषय निघाला की वेल्सबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: तिथे मजूर पक्षाने गाढवाला लाल फीत लावून उभं केलं तरी ते निवडून येईल. आपल्याकडे दगडाला शेंदूर फासतात, तसंच काहीसं. या वाक्याभोवती जो युक्तिवाद फिरतो तो थोडक्यात असा: वेल्सचे खाणकामगार पहिल्यापासून मजूर पक्षाचेच, म्हणून तर त्यांनी १९०० सालीच समाजवादी पुढारी केअर हार्डीला निवडून दिलं, पुढे शंभर वर्षं डोळे मिटून शिक्के मारले, आणि लंडनने फुकट दवाखाने, विमा देऊन त्यांना मिंधं करून ठेवलं.

आधी ‘पहिल्यापासून’ हा शब्द घेऊ. खाणकामगारांचा पहिला पक्ष लिबरल होता. जमीनदार आणि अँग्लिकन चर्च हुजूर पक्षाच्या बाजूला, तर चॅपेलला, म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनागृहाला जाणारा सामान्य वेल्श माणूस लिबरलांच्या, अशी ती वाटणी होती. १८८५मध्ये रोंडा खोऱ्यातून विल्यम अब्राहम निवडून आले. लोक त्यांना ‘मेबॉन’ म्हणत. ते स्वतः खाणीत राबलेले, कामगारांचे पुढारी, पण संसदेत बसले लिबरलांबरोबर. सभा तापली की ते एखादं भजन सुरू करायचे आणि सभा शांत व्हायची, असं सांगतात. कोळशाचा भाव चढला की मजुरी चढणार, उतरला की उतरणार, ही मालकांशी ठरलेली पद्धत त्यांना मान्य होती. १८९८च्या सहा महिन्यांच्या टाळेबंदीत कामगार हरले. त्या हरण्यातूनच साउथ वेल्स मायनर्स फेडरेशन हे खाणकामगारांचं युनियन जन्माला आलं. पण त्याचे पहिले अध्यक्ष कोण? पुन्हा मेबॉनच.

१९०६च्या निवडणुकीत वेल्समध्ये हुजूर पक्षाला एकही जागा मिळाली नाही. जवळजवळ सगळ्या जागा लिबरलांकडे गेल्या. त्याच वर्षी ब्रिटनभरच्या खाणकामगारांच्या महासंघाने मजूर पक्षात जायला मतदानाने नकार दिला. होकार मिळाला १९०८मध्ये आणि प्रवेश १९०९मध्ये. थोडक्यात, पक्ष स्थापन झाल्यावर नऊ वर्षं हे लोक बाहेरच उभे होते. आत ढकललं ते कोर्टाने आणि मालकांनी, असं मला वाटतं. दक्षिण वेल्समधल्या टॅफ व्हेल रेल्वेच्या १९००च्या संपानंतर हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, निकाल दिला की संपाचं नुकसान युनियनने भरून द्यायचं. युनियनला २३,००० पौंड मोजावे लागले. संसदेत आपला माणूस का हवा, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग हार्डीचं काय? तो निवडून आला तो मर्थर हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. पहिला आला लिबरल डी. ए. थॉमस, तो स्वतः कोळसा खाणींचा मालक. दुसरा लिबरल उमेदवार प्रिचर्ड मॉर्गन हा तेव्हा दक्षिण आफ्रिकेत चाललेल्या बोअर युद्धाचा समर्थक. त्याचं आणि थॉमसचं मुळीच जमत नव्हतं. थॉमसच्या बऱ्याच मतदारांनी दुसरं मत हार्डीला दिलं. थोडक्यात, दोन लिबरलांच्या भांडणात एक स्कॉटिश समाजवादी संसदेत गेला. हार्डी त्याच निवडणुकीत प्रेस्टनलाही उभा होता आणि तिथे पडला, हे या गोष्टीत कुणी सांगत नाही. त्याचं मोठेपण कमी होत नाही. पण याला ‘लाट’ म्हणू नये.

‘डोळे मिटून शिक्के’ हा आरोप सगळ्यात लोकप्रिय, आणि त्यात एक गोष्ट खरी आहे. १९२२मध्ये मजूर पक्षाने वेल्सच्या निम्म्या जागा जिंकल्या आणि तेव्हापासून ब्रिटिश संसदेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत तिथे तोच पहिला राहिला. पण जागांचा तक्ता बाजूला ठेवून एकेक मतदारसंघ पाहा. १९४५ साली मजूर पक्षाने देशभर प्रचंड विजय मिळवला, तेव्हा रोंडा ईस्टमध्ये त्याचा उमेदवार जेमतेम ९७२ मतांनी वाचला. समोर होता कम्युनिस्ट हॅरी पॉलिट. १९६६मध्ये पक्षाने ३६पैकी ३२ जागा घेतल्या. त्याच ऑक्टोबरात अ‍ॅबरफॅन गावात कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. उरलेले ढिगारे हलवायला मजूर पक्षाच्याच सरकारने लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. ही रक्कम परत मिळायला १९९७ उजाडावं लागलं. डोळे कुणी मिटले असतील तर ते पक्षाने. १९६७च्या रोंडा वेस्ट पोटनिवडणुकीत पक्षाची आघाडी २,३०६वर आली, १९६८मध्ये केअरफिलीत १,८७४वर. दोन्ही ठिकाणी घाम फोडला तो वेल्श राष्ट्रवादी प्लाइड कम्रीने.

आणि बंडखोरांचं काय? मर्थरचे खासदार एस. ओ. डेव्हिस यांचं वय झालं म्हणून पक्षाने १९७०मध्ये तिकीट कापलं. म्हातारा अपक्ष उभा राहिला आणि अधिकृत उमेदवाराला सात हजारांवर मतांनी पाडून परत आला. हार्डीचाच मर्थर! २००५मध्ये ब्लायनाय ग्वेंट या, मजूर पक्षाचा मोठा नेता अ‍ॅन्युरिन (नाय) बेव्हनच्या मुलखात पीटर लॉने हेच केलं. उमेदवार वरून लादला म्हणून चिडून तो अपक्ष लढला आणि नऊ हजारांनी जिंकला. १९९९च्या पहिल्या वेल्श असेंब्ली (आताची वेल्श संसद) निवडणुकीत रोंडा प्लाइडकडे गेला. तिथल्या लोकांना शेंदूर फासलेला दगड चांगला ओळखता येतो.

राहिला मिंधेपणा. दक्षिण वेल्समधल्या ट्रेडीगर गावात सरकारी आरोग्यसेवेच्या कितीतरी आधीपासून कामगारांची वैद्यकीय मदत सोसायटी होती. पगारातून दर पौंडामागे काही पेन्स कापले जात. त्यातून डॉक्टर, नर्स, औषध, हॉस्पिटल मिळे. गावातल्या बहुतेक सगळ्यांना तिचा लाभ होता. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अ‍ॅन्युरिन बेव्हन याच गावचा, आणि या सोसायटीच्या कामात त्याने हात घातला होता. ५ जुलै १९४८ला त्याने आरोग्यमंत्री म्हणून जी राष्ट्रीय सेवा सुरू केली, तिची गावपातळीवरची तालीम वर्गणीच्या पैशातून आधीच झाली होती. १९४६चा राष्ट्रीय विमा कायदा आणणारा जिम ग्रिफिथ्सही खाणकामगार, फेडरेशनचा माजी अध्यक्ष. लंडनने दिलं म्हणता, तर देणारे हात कुठून आले होते तेही बघा. माझ्या मते मजूर पक्षाचं वेल्समधलं खरं भांडवल हेच होतं: खाणीवरचं युनियन, कामगारांच्या वर्गणीतून उभी राहिलेली वाचनालयं, दवाखाना. पक्ष या सगळ्यावर नंतर बसला.

ते आधार गेले तसा पक्षही ढिला पडत गेला. खाणकामगारांच्या १९८४-८५च्या संपात दक्षिण वेल्स शेवटपर्यंत जवळजवळ अभंग राहिला आणि तरी हरला. मग खाणी भराभर बंद झाल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये केअरफिलीत वेल्श संसदेची पोटनिवडणूक झाली. १९९९पासून ही जागा मजूर पक्षाकडे होती. प्लाइड जिंकली, उजवा रिफॉर्म पक्ष दुसरा आला आणि मजूर पक्षाला मिळाली ११ टक्के मतं.