बाळाच्या उशाखालची कापराची पुरचुंडी आधी काढा

काल रात्री भांडुपहून वहिनीचा फोन, बाळाला सर्दी झालीये, उशाखाली कापराची पुरचुंडी ठेवलीये, राहू दे ना? बाळ आठ महिन्यांचं! कुणी सांगितलं विचारलं तर तोच मेसेज, जो आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर फिरतोय. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब फडक्यात बांधून हुंगा, ऑक्सिजन वाढतो, दम्याचा पंप सुटतो, तान्ह्या बाळालाही चालतं, नैसर्गिक म्हणून साइड इफेक्ट नाही, आणि शेवटी 'जपानमध्ये सिद्ध झालंय'. २०२१ च्या कोरोना लाटेतही हेच फिरत होतं.

आधी बाळाचं बोलू. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्याच वेळात आकडी येऊ शकते, आणि एक ग्रॅमच्या आसपास कापरानेही लहान मुलं दगावलेली आहेत. देव्हाऱ्यातल्या डबीत किती ग्रॅम असतो बघा जरा. आठ महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, मग फडक्याची गाठ सुटायला कितीसा वेळ लागतो? तेलात कालवून छातीला चोळला तरी कातडीतून अंगात जातो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८० च्या दशकातच २० टक्क्यांचं कापूरतेल बाजारातून काढलं आणि अंगाला लावायच्या औषधांत ११ टक्क्यांच्या वर कापूर नको असा नियम केला, आणि आपण पूजेची वडी, जी जवळपास निव्वळ कापूरच असते, ती बाळाच्या नाकाशी ठेवतोय. सर्दीच्या बामवरही २ वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं छापलेलं असतं, पण वाचतं कोण.

आणि नैसर्गिक कसलं? पूजेचा बराचसा कापूर कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतो. तो झाडाचाच असता तरी विषारीच राहिला असता.

ऑक्सिजनचं थोडक्यात. कापूर-निलगिरी हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, खरंय, मलाही वाटतं. पण नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा चाळवतात म्हणून तसं वाटतं. १९८३ मध्ये हे मोजून पाहिलंय, कापूर, निलगिरी, मेन्थॉल तिन्हींच्या वाफेने श्वास मोकळा वाटला पण नाकातला हवेचा अडथळा होता तेवढाच राहिला. मग रक्तातला ऑक्सिजन कुठून वाढणार? उलट दमेकऱ्याला उग्र वासानेच धाप लागू शकते. आमच्या काकूने या मेसेजपायी दोन दिवस पंप घेतला नाही आणि तिसऱ्या रात्री खिडकीशी बसून काढली, म्हणून एवढी चीड येते.

जपानचं मात्र अगदीच हवेतलं नाही, मान्य करतो. कागोशिमा विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे, लॅव्हेंडरमध्ये आणि आपल्या धण्यातही असतं त्या लिनालूल नावाच्या सुगंधी द्रव्याच्या नुसत्या वासाने उंदरांची भीती कमी झाली, आणि ज्यांची वास घेण्याची शक्ती घालवली होती त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे वास नाकातून मेंदूवर काम करतो, हे भारीच आहे आणि यावर अजून काम व्हायला हवं. पण ते उंदीर होते, विषय भीतीचा होता, त्यात कापूरही नाही आणि फुफ्फुसंही नाहीत.

वहिनीने फोनवर असतानाच पुरचुंडी काढली, सकाळी बाळाला डॉक्टरकडे नेलं, सलाइनचे थेंब दिलेत. काकूचा पंप परत उशाशी आहे. ज्या दादाने मेसेज टाकला त्याला सांगितलंय, तो डिलीट कर आणि त्याच ग्रुपवर हे टाक.