सातबाऱ्यावर नाव आलं, पण रस्ता कुठाय?

सकाळपासून तीन जणांनी तोच फॉरवर्ड पाठवलाय. 'तुकडेबंदी उठली! आता एक गुंठा बिनधास्त घ्या, सातबाऱ्यावर नाव शंभर टक्के!' खाली प्लॉटिंगवाल्याचा फोटो, कपाळाला टिळा, मागे डोंगर, आणि 'साइट दाखवायला गाडी मोफत'. एसटीतून निवृत्त झालेले एक काका नेमके आजच दुपारी त्यांच्या गुंठ्याची फाईल घेऊन माझ्याकडे आले. तोच फॉरवर्ड त्यांनी मोबाईलवर उघडून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "म्हणजे आमचं पण मोकळं झालं ना?"

नाही झालं, काका. आणि ते का नाही झालं हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये येणार नाही, म्हणून इथे लिहितोय. लांब होईल. ज्यांना गुंठा घ्यायचाय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी फाईलमध्ये काय आहे ते. नोंदवलेलं खरेदीखत आहे, इंडेक्स २ (दस्तनोंदणीचा गोषवारा) आहे, सातबारा आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा आहे, वीजबिल आहे आणि प्लॉटिंगवाल्याने हाताने काढलेला एक नकाशा आहे. नकाशावर दोन ओळींत पाच-पाच प्लॉट, प्रत्येक ३३ बाय ३३ फूट, मधून '१५ फूट रस्ता'. सगळं कसं देखणं. दस्त २०२४ च्या सुरुवातीचा.

आता सातबारा बघा. क्षेत्र ०.१२ हेक्टर, म्हणजे बारा आर, बागायत. दहा नावं आणि पुढे शब्द 'सामाईक'. म्हणजे काकांच्या नावावर प्लॉट नंबर सात नाहीच! त्यांच्या नावावर आहे बारा आरचा एक दशांश अविभाज्य हिस्सा. कुठला एक दशांश? ते जगातल्या कुठल्याही सरकारी कागदावर लिहिलेलं नाही. खरेदीखतातली चतुःसीमासुद्धा अख्ख्या बारा आरची आहे. पूर्वेला अमुक गट, पश्चिमेला ओढा. प्लॉट नंबर सात फक्त त्या हाताने काढलेल्या नकाशात राहतो, आणि त्या नकाशाची किंमत वहीच्या पानाएवढी.

असं का केलं? तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. ठरवून दिलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा पाडायचा नाही, विकायचा नाही. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. प्लॉटिंगवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी गणित मांडलं. दहा गुंठ्यांच्या जरा वर जमीन घ्यायची, विहिरीची किंवा बोअरची नोंद दाखवून बागायत ठेवायची, आणि एकमेकांना न ओळखणारे दहा जण एकाच दस्तावर खरेदीदार म्हणून बसवायचे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, कारण तुकडा पडलेलाच नाही. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद, होतो, पंधरा दिवसांच्या नोटिशीत कुणी हरकत घेत नाही, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सगळं कायद्याच्या चौकटीत. चौकट बिनदाराची, एवढंच.

आता ती 'उठली' म्हणतात ती तुकडेबंदी. २०१७ च्या दुरुस्तीने जुने तुकड्यांचे व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून नियमित करता येत होते. नंतर ते ५ टक्क्यांवर आलं. २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार शुल्काशिवाय नियमित करायचं ठरलं, तेही निवासी, वाणिज्य, औद्योगिक अशा बिगरशेती वापराला नेमून दिलेल्या भागातले. शेती विभागातल्या जमिनीला तुकडेबंदी लागू आहे ती आहेच. 'उठली' हा शब्दच खोटा.

आणि काकांची गंमत बघा. ज्याने सरळ सरळ एक गुंठ्याचं बेकायदा खरेदीखत केलं, त्याचा व्यवहार या सवलतीत बसू शकतो. काकांच्या दस्तात तुकडाच नाही, उल्लंघनच नाही, मग नियमित काय करणार? ज्याने कायदा मोडला त्याला सुटका, आणि कायदा न मोडता फसला तो तिथेच. (हसू नका, काका समोर बसले होते.)

पण माझा खरा राग नावावरून नाहीच. रस्त्यावरून आहे.

बारा आर म्हणजे १२०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १२,९१७ चौरस फूट. इथेच पहिली मेख. प्लॉटिंगवाला बोलतो गुंठ्यात, गुंठा १०८९ चौरस फुटांचा. सातबारा बोलतो आरमध्ये, आर १०७६ चा. 'बारा गुंठे' म्हणून विकलं त्यात १५१ चौरस फूट हवेत गेले. पुढे, दहा प्लॉट गुणिले १०८९ म्हणजे १०,८९०. उरले २,०२७ चौरस फूट. पाच प्लॉटांची लांबी १६५ फूट. भागाकार करा. रस्ता येतो सव्वाबारा फुटांचा. नकाशात १५ लिहिलाय! पंधरा फुटांचा रस्ता त्या जमिनीत मावतच नाही. काकांनी कागद घेऊन स्वतः भागाकार केला, दोनदा. मग गप्प बसले.

मंजूर रेखांकन (प्लॉट आणि रस्त्यांचा सरकारमान्य लेआउट) केलं असतं तर काय झालं असतं? २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली बांधकाम आणि विकासाची एकत्रीकृत नियमावली मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळ्या राज्याला लागू आहे. निवासी रेखांकनात आतला रस्ता साधारण ९ मीटरचा धरायचा, लांबी १५० मीटरच्या वर गेली की १२. नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. १६५ फूट लांबीला साधारण ४,८७० चौरस फूट रस्त्यातच गेले असते आणि दहाऐवजी जेमतेम सात प्लॉट पडले असते. जमीन ०.४ हेक्टर किंवा वर असती तर दहा टक्के खुली जागा वेगळी सोडावी लागली असती. म्हणूनच हे लोक एकर कधी एकत्र विकत नाहीत, दहा-बारा गुंठ्यांचे घास करतात. स्वस्त प्लॉट स्वस्त असतो तो याच्यामुळे. तुम्हाला जी सवलत वाटते ती तुमच्याच रस्त्याची किंमत असते.

आणि रस्ता फक्त रुंदीचा प्रश्न नाही, तो कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न आहे. रीतसर रेखांकनात आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग भूमी अभिलेखचा भूकरमापक जागेवर खुणा टाकून मोजणी करतो, मग अंतिम मंजुरी, मग कमी-जास्त पत्रक (क्षेत्र विभागल्याची भूमी अभिलेखातली नोंद) होऊन प्रत्येक प्लॉटचा आणि रस्त्याचा वेगळा उतारा निघतो. रस्त्याला स्वतःचं क्षेत्र मिळतं. या धंद्यात यातलं काहीही होत नाही. एक एक गुंठा सुटा विकलेला असेल तर रस्त्याचे गुंठे मूळ मालकाच्याच नावावर उरतात, आणि दहा वर्षांनी त्याची मुलं तो रस्ताच विकायला काढतात. विकतातसुद्धा. शेवटच्या खरेदीदारांच्या वेळी तर गटात क्षेत्रच शिल्लक नसतं, चाळीस गुंठ्यांतून बेचाळीस विकलेले असतात, आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच) फेरफार घ्यायला नकार देतो.

काकांकडे काय झालं ते सांगतो. पहिल्या प्लॉटवाल्याने घर बांधताना जिना बाहेर काढला आणि कंपाउंड तीन फूट पुढे घेतलं. सव्वाबाराचे राहिले सव्वानऊ. समोरच्याने ओटा काढला, दीड फूट. आता पाण्याचा टँकर तोंडाशीच थांबतो आणि दीडशे फूट पाइप ओढावा लागतो. मैला उपसायची गाडी आत येत नाही. काकांचं घर सातवं, पाणी त्यांच्यापर्यंत येईस्तो टँकरवाल्याचा आवाज चढलेला असतो.

काकांनी मोजणीचा अर्ज केला. बरोबर केलं. भूकरमापक आला, बारा आरच्या बाहेरच्या हद्दी दाखवल्या आणि निघाला. काका म्हणाले, माझ्या प्लॉटची हद्द दाखवा. तो म्हणाला, रेकॉर्डवर पोटहिस्सा (गटातला वेगळा मोजलेला भाग) नाही तर दाखवू काय? आणि तो चुकीचा नाही हो! जी रेघ सरकारी नकाशात नाही ती जमिनीवर कुठून आणणार? मग काका तहसीलला गेले. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात अडवलेला रस्ता मोकळा करून मिळतो, पण तो शेतीच्या वाटेसाठी. इथे तर सगळे सहधारक एकाच जमिनीचे मालक. पहिला प्लॉटवाला म्हणतो, मी माझ्याच जमिनीत बांधलंय. कागदावर खरंय त्याचं. बारा आरच्या प्रत्येक इंचावर त्याचाही एक दशांश हक्क आहे, काकांच्या देवघरावरसुद्धा.

त्यात एक सहधारक वारला, त्याचे चार वारस लागले, आता सातबाऱ्यावर तेरा नावं. दुसऱ्याने पतसंस्थेचं कर्ज काढलं, बोजा इतर हक्कात चढला. आता काकांना विकायचं म्हटलं तर घेणारा सातबारा बघूनच परत जातो.

हो, मान्य आहे, मंजूर एनए (बिगरशेती) प्लॉटचे भाव नोकरदाराला झेपत नाहीत. काकांची ग्रॅच्युइटी शहरात एका खोलीलाही पुरली नसती. आणि रीतसर रेखांकन करणाऱ्यालाही एकेका सहीसाठी झिजवलं जातं, हेही खरं. पण म्हणून सव्वाबारा फुटांच्या गल्लीत आयुष्य घालवायचं?

गुंठेवारीचं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या वस्त्यांचं, काय होतं हे आपल्याला माहीत नाही असं नाही. सांगली-मिरजेत जाऊन बघा, छत्रपती संभाजीनगरात बघा. २००१ चा गुंठेवारी कायदा आला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट नियमाधीन करायचे होते. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. वीस वर्षं पुढे सरकली तारीख, आणि वीस वर्षं प्लॉटिंगवाला गिऱ्हाइकाला हेच सांगत आला की 'होतं नियमित, काळजी नको'. खोटं नव्हतं त्याचं. नियमित होतं. गटार होत नाही.

जरा चिडून लिहिलं. पण ज्यांना अजून घ्यायचंय त्यांनी टोकन द्यायच्या आधी एवढं करा. नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. 'शेती विभाग' लिहिलं असेल तर तिथे सहसा निवासी प्लॉट पडत नाहीत, फार्महाऊसलासुद्धा ०.४ हेक्टर लागतं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर थांबा. इतर हक्कांचा रकाना भिंग लावून वाचा, बहिणींची नावं कमी केलेल्या जुन्या फेरफारांसकट. मंजूर रेखांकनाची प्रत मागा, सही-शिक्क्याची, आणि त्यावर 'तात्पुरते' आहे की 'अंतिम' ते बघा. ५०० चौरस मीटरवर जमीन आणि आठावर प्लॉट असतील तर महारेराचा (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक विचारा. काकांच्या प्लॉटिंगला तो लागत होता. नव्हता. नमुना ८ आणि वीजबिल हे मालकीचे पुरावे नाहीत, बांधकाम परवानगी तर नाहीच. आणि मुख्य म्हणजे टेप घेऊन जा आणि रस्ता मोजा. नकाशातला नाही, मातीतला.

जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी वाट आहे, पण अवघड. जमीन निवासी विभागात असेल तर आता वाटपाला तुकडेबंदी आडवी येत नाही. सगळ्या सहधारकांनी संमतीने वाटप करायचं, महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, पोटहिस्सा मोजणी करून घ्यायची आणि त्यात रस्त्याचा तुकडा वेगळा काढून सगळ्यांच्या सामाईक नावावर ठेवायचा. एकाने जरी सही नाकारली तर दिवाणी दावा, आणि मग काकांच्या नातवाने निकाल ऐकायचा.

काकांची जमीन निवासी विभागात आहे, झोन दाखला काढूनच आले होते. शिस्तीचा माणूस. संमतीचा मसुदा करून दिलाय, तेरा सह्यांच्या जागा सोडल्यात, रस्ता १२ फूट लिहिलाय. बाराजण तयार आहेत म्हणाले. तेरावा तो जिनेवाला. त्याच्याकडे परवा सत्यनारायण आहे, सगळ्यांना बोलावलंय. "प्रसाद घेतल्यावर विषय काढतो," म्हणून काका मसुदा घडी करून खिशात ठेवून गेले.