‘गळ्याला चाकू लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: घशाचा कॅन्सर वाढलेला असेल तर ऑपरेशन करू नका. चाकू लागला, हवा लागली की तो पसरतो. छातीचं-मांडीचं मांस गळ्यात बसवणं हा बिल फुगवायचा धंदा आहे. परदेशात आता औषधांवरच भागवतात. माणूस कायमचा मुका होतो आणि एवढं करून दोन वर्षांत जातोच.

माझ्या मामांचं हे ऑपरेशन, म्हणजे स्वरयंत्र काढायचं, होऊन सहा वर्षं झाली. ते त्याच ग्रुपवर आहेत, म्हणून लिहिते.

हवेचं आधी. स्वरयंत्रातून दिवसाला वीसेक हजार श्वास जातात. तिथल्या गाठीला पहिल्या दिवसापासून हवा लागतेच आहे! आपल्याकडे आवाज बसला की महिनोन्‌महिने हळद-दूध आणि गुळण्या चालतात, मानेत गाठ हाताला लागली की मग दवाखाना. इतक्या उशिरा गेल्यावर आजार काहींच्या बाबतीत उलटतो आणि खापर चाकूवर फुटतं.

आता गळ्यात बसवलेल्या मांसाबद्दल, कारण मला सर्वांत जास्त राग त्या वाक्याचा आला. त्या मांसाने कॅन्सर मरत नाही, हे खरं. पण स्वरयंत्राबरोबर घशाची भिंतही काढावी लागली, तर उरलेली पट्टी शिवून घास जाईल एवढी वाट राहत नाही. मग हाताची किंवा मांडीची कातडी, कधी लहान आतड्याचा तुकडा घेऊन नवी नळी करतात आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. नाहीतर छातीचा स्नायू, त्याची रक्तवाहिनी न तोडता, कातडीखालून मानेत वर आणतात. भोक बुजवायची सोय आहे हे माहीत असलं की सर्जनला गाठीभोवतीचा निरोगी भाग पुरेसा काढता येतो, हात आखडता घ्यावा लागत नाही. शिवाय ऑपरेशननंतरचं रेडिएशन साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. टाके उसवून लाळ झिरपत राहिली तर ते लांबतं, आणि लाळ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीपाशी साचली तर जिवावर बेततं. आधी रेडिएशन झालेल्या गळ्यात जखम नीट भरत नाही, तिथे ताज्या रक्ताचं मांस बहुतेक वेळा लागतं. मामांचं तसंच होतं. त्यांच्या गळपट्टीच्या हाडावर अजून उंचवटा दिसतो, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. पण ते आमटी-भात जेवतात.

‘परदेशात औषधांवरच’ हे अर्धंच सांगितलेलं आहे. अमेरिकेत १९९१ साली वाढलेल्या स्वरयंत्र-कॅन्सरच्या ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किमो आणि रेडिएशन घेतलेले आणि ऑपरेशन करून रेडिएशन घेतलेले, दोन्ही गटांत दोन वर्षांनी ६८ टक्के लोक हयात होते, आणि पहिल्या गटातल्या ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र वाचलं. मोठी गोष्ट आहे ही. मात्र त्याच पहिल्या गटात टी-४, म्हणजे सर्वांत पुढे गेलेल्या गाठी असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, भेदून गाठ बाहेर आली असेल, तर आजही बहुतेक वेळा आधी ऑपरेशनच सुचवतात.

मुकेपणाचं म्हणाल तर, १८७३ च्या ३१ डिसेंबरला व्हिएन्नात बिलरोथ या सर्जननी कॅन्सरसाठी पहिल्यांदा संपूर्ण स्वरयंत्र काढलं, तेव्हा त्या पहिल्याच रुग्णासाठी त्यांच्या सहकाऱ्याने कृत्रिम स्वरयंत्र तयार केलं होतं. आज श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटा व्हॉल्व्ह बसवतात. बेंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी तसा व्हॉल्व्ह पन्नासेक रुपयांत होईल असा बनवला. मामा श्वासासाठी गळ्यावर केलेल्या भोकावर अंगठा ठेवून बोलतात, म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून घशात जाते आणि आवाज निघतो. बाजारात एका हातात पिशवी, दुसरा गळ्याशी, म्हणून आधी भाव पूर्ण ठरवतात, मग अंगठा काढून पैसे मोजतात. आवाज घोगरा आहे. चहाच्या घोटाला ठसका लागू लागला की मामी ओळखतात, व्हॉल्व्ह बदलायला झाला. वास पूर्वीसारखा येत नाही, याचं मात्र त्यांना वाईट वाटतं.

राहिली दोन वर्षं. मानेतल्या गाठींपर्यंत पोचलेल्या स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे पाच वर्षांनी साधारण निम्मे लोक हयात असतात. स्वरयंत्रामागच्या, गिळण्याच्या भागातला कॅन्सर याहून वाईट. आजार भयंकर आहे, मी तो लहान करून सांगत नाही. पण ‘जातोच’ हे खोटं आहे.

त्या मेसेजखाली आमच्यातल्याच एकाने विचारलं होतं, ‘सासऱ्यांना ऑपरेशन सांगितलंय, थांबू का?’ मी लगेच फोन केला. थांबू नका, आणि उद्या डॉक्टरांना एवढं विचारा: गाठ कूर्चेत गेली आहे का? फ्लॅप, म्हणजे गळ्यात बसवायचं मांस, लागला तर कुठला घेणार? रेडिएशन कधी सुरू होईल? व्हॉल्व्ह ऑपरेशनच्या वेळीच बसवणार की नंतर? आणि महात्मा फुले योजनेत हे बसतं का? त्यांनी कागद घेऊन सगळं लिहून घेतलं.