नवीन डिस्क आल्या की नवीन डिस्क ग्रुप? कोणी सांगितलं!

'ईव्हीए एक्स्पान्शनचे पाच सुवर्णनियम' (ईव्हीए म्हणजे एचपीचं अनेक डिस्कचं स्टोरेज कपाट, एक्स्पान्शन म्हणजे त्यात डिस्क वाढवणं) नावाचा एक फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. मी बघून सोडून देत होतो, पण आता तो माझ्या भाच्याला त्याच्या टीम लीडनेच पाठवलाय, 'शनिवारच्या चेंजच्या आधी वाचून ये' म्हणून, आणि पोरगं मला विचारतंय, मामा हे बरोबर आहे का. एचपीचा ईव्हीए आता म्हातारा झालाय, मान्य, पण ज्यांच्याकडे अजून चालतोय त्यांचा डेटा काही म्हातारा झालेला नाही.

नियम पहिला म्हणे, नवीन डिस्कचा नेहमी वेगळा डिस्क ग्रुप (एकत्र वापरायच्या डिस्कचा गट) करा, जुन्याला हात लावू नका. सोळा डिस्कचा ग्रुप आहे, आठ नवीन आल्यात असं धरा. एकाच ग्रुपात घातल्या तर लेव्हलिंग होऊन (डेटा सगळ्या डिस्कवर सारखा वाटला जाऊन) प्रत्येक व्ही-डिस्क (ग्रुपातून काढून दिलेली आभासी डिस्क) चोवीस स्पिंडलवर, म्हणजे चोवीस डिस्कवर, पसरते. वेगळा ग्रुप केलात तर नवीन लन (सर्व्हरला दिलेली व्ही-डिस्क) बिचारं आठांवर रडतंय, आणि जुना डेटाबेस, ज्याच्या तक्रारींमुळे डिस्क घेतल्या, तो अजून त्याच सोळांवर! म्हणजे पैसे खर्चून मूळ दुखणं तसंच. वर जागेचं गणित बघा. सिंगल प्रोटेक्शनला (डिस्क गेली तर तिचा डेटा पुन्हा उभारायला जागा राखायची सेटिंग) प्रत्येक ग्रुप आपल्यातल्या सगळ्यात मोठ्या डिस्कच्या दुप्पट जागा राखून ठेवतो. आठच्या ग्रुपात दोन डिस्कची जागा गेली, म्हणजे नवीन खरेदीतला पाव भाग गायब, जुन्या ग्रुपाची दोनची राखीव आहेच ती वेगळी. ग्रुप एकच ठेवला असता तर चोवीसला मिळून दोन. एचपीचाच ईव्हीएचा बेस्ट प्रॅक्टिसेस पेपर सांगतो की ग्रुप कमीत कमी ठेवा, डिस्क आठाच्या पटीत घाला. आता हो, डेटाबेस आणि त्याचे लॉग वेगवेगळ्या ग्रुपात ठेवा म्हणजे एक ग्रुप गेला तरी रिकव्हरी करता येते, हेही त्याच पेपरात आहे, आणि फाटा डिस्कला (स्वस्त पण हळू डिस्क) तर वेगळा ग्रुप लागतोच. पण ही ठरावीक कारणं झाली, त्याचं 'नेहमी' कुठून झालं?

नियम दुसरा, डिस्क एकेक करून घाला. अर्धं खरं. शेल्फमध्ये सरकवताना एकेकच सरकवायची, तिचा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत किंवा बाकीच्यांबरोबर लुकलुकायला लागेपर्यंत थांबायचं, फार तर मिनिटभर, मग पुढची. सगळ्या एकाच शेल्फात कोंबायच्या नाहीत, शेल्फांवर सारख्या वाटायच्या. पण ग्रुपमध्ये घेताना मात्र सगळ्या एकदम घ्यायच्या, त्यासाठी अ‍ॅडिशन पॉलिसी (नवीन डिस्क ग्रुपात आपोआप घ्यायची की हाताने, ती सेटिंग) आधीच मॅन्युअल करून ठेवा, नाहीतर प्रत्येक डिस्कगणिक लेव्हलिंग नव्याने सुरू.

तिसरा, वेगवेगळ्या साइझच्या डिस्क एका ग्रुपात चालतच नाहीत. चालतात. फक्त मोठ्या डिस्कवर डेटा जास्त बसतो म्हणून लोडही जास्त, आणि राखीव जागा मोठीच्या हिशोबाने जाते. चौथा, व्ही-रेड 5 (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी मांडणी) असताना प्रोटेक्शन 'नन', म्हणजे राखीव शून्य, ठेवून जागा वाचवा. वाचवा की, मग ग्रुप काठोकाठ भरल्यावर डिस्क गेली तर रिबिल्ड, म्हणजे तिच्या डेटाची पुन्हा उभारणी, कुठे करणार तेही लिहायचं होतं.

पण पाचवा वाचून मला घामच फुटला. 'लेव्हलिंगचा आकडा अडकला तर नवीन डिस्क खराब आहे, काढून परत लावा.' अहो, लेव्हलिंग मुद्दामच कमी प्रायॉरिटीवर चालतं, होस्टचा, म्हणजे सर्व्हरचा, लोड असेल तर ते रेंगाळणारच! ग्रुपातली डिस्क खेचणं म्हणजे ईव्हीएच्या दृष्टीने डिस्क मेली. ग्रुपच्या आत सहा ते अकरा डिस्कचे आरएसएस असतात (शाखेवाले नव्हेत, रिडन्डंट स्टोरेज सेट), त्यातल्या एकीचा रिबिल्ड पूर्ण व्हायच्या आत त्याच सेटमधली दुसरी गेली की व्ही-रेड 5 संपलं. आणि प्रत्येक व्ही-डिस्क अख्ख्या ग्रुपभर पसरलेली, त्यामुळे एक लन नाही, त्या ग्रुपातली सगळी व्ही-रेड 5 लन जातात. एवढ्यासाठीच कमांड व्ह्यूमध्ये (ईव्हीए सांभाळायचं सॉफ्टवेअर) अनग्रुप दिलंय: आधी डेटा दुसरीकडे हलतो, मग डिस्क काढायची. वेळ लागतो, लागू दे.

भाच्याला सांगितलंय, शनिवारी आधी इव्हेंट लॉग उघड, त्यात त्या डिस्कचा एरर दिसला तरच तिच्याबद्दल बोलायचं, आणि डिस्कच्या हँडलला हात अनग्रुप झाल्यावरच.