‘आतडं अडकलं तरी ऑपरेशन नको’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो

सध्या एक मेसेज भराभर फॉरवर्ड होतोय. त्याचा गोषवारा असा: आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्यांचं आतडं वरचेवर अडकत असेल, तर पुन्हा ऑपरेशनला तयार होऊ नका, अडथळा आपोआप सुटतो, जुलाबाचं औषध पुरतं आणि चिरफाड केली की आतडी आणखी चिकटतात. यात थोडं खरंही आहे, म्हणूनच मला तो जास्त घातक वाटतो.

‘आपोआप सुटतो.’ चिकटलेल्या आतड्यांमुळे आलेला अडथळा बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय सुटतो, हे खरं. पण घरी बसून नव्हे. खाणंपिणं बंद, नाकातून जठरात नळी, सलाईन, रक्ताच्या तपासण्या, आणि पुन्हा पुन्हा येऊन पोट दाबून पाहणारा सर्जन, इतकं त्यामागे असतं. नळीतून एक्स-रेवर दिसणारं औषध सोडतात. ते 24 तासांत मोठ्या आतड्यात उतरलं तर आशा चांगली. 72 तास उलटूनही वाट मोकळी झाली नाही, तर सहसा ऑपरेशनच करावं लागतं.

काहींच्या बाबतीत तेवढंही थांबायचं नसतं. कळ येते, ओसरते, मध्ये जरा बरं वाटतं, तोवर डॉक्टरांच्या नजरेखाली वाट पाहता येते. कळ ओसरेनाशी झाली, दुखणं सलग झालं, ताप आला, नाडी पळू लागली, पोटाला हात लावू देववेना, की आतड्याचा रक्तपुरवठा तुटतोय अशी शंका घ्यायलाच हवी. काही तासांत आतडं काळं पडू शकतं. मग आतड्याचा तुकडाच काढावा लागतो.

‘जुलाबाचं औषध पुरतं.’ अजिबात नाही. वाट बंद असताना आतड्याला जोर करायला लावलं, तर कळा आणि उलट्या वाढतात, आतडं फुटूही शकतं.

‘चिरफाडीने आणखी चिकटतात.’ ही भीती खोटी नाही. आतडी नव्याने चिकटू शकतात, सोडवताना आतड्याला भोक पडू शकतं. म्हणूनच 1937 साली नोबल या सर्जनने आतड्याची वेटोळी ओळीने एकमेकांना शिवून टाकायची पद्धत मांडली, म्हणजे चिकटली तरी वाट मोकळी राहील. गळती आणि फिस्टुला (आतड्यातून भलतीकडेच फुटलेली वाट) होऊ लागले, अडथळेही पुन्हा येतच राहिले, आणि ती पद्धत मागे पडली. आता शक्यतो चिकटल्यामुळे तयार झालेला, आतडं अडवणारा पट्टाच शोधून कापतात. निवडक पेशंटमध्ये हे दुर्बिणीतूनही होतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला एक मोठा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन झालेल्यांपैकी 13 टक्क्यांना पुन्हा अडथळा आला, ऑपरेशनशिवाय बरे झालेल्यांपैकी सुमारे 21 टक्क्यांना. सगळ्यांचंच पोट उघडावं असा याचा अर्थ नाही, पण ऑपरेशन व्यर्थ असतं हे म्हणणं टिकत नाही.

शिवाय अडथळ्याचं कारण चिकटलेली आतडीच आहेत, हे मेसेजने गृहीतच धरलंय. हर्निया, क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या जुनाट आजाराने अरुंद झालेलं आतडं, गाठ, यातलं काहीही असू शकतं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. पूर्वी पोटाचं एकही ऑपरेशन नसताना आतडं अडकलं, तर सीटी स्कॅन करून कारण शोधल्याशिवाय घरी जाऊ नका.