फराळाचा खोका भरण्यापूर्वी फाटकावरच्या हवालदारांना विचारा

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील अनेक कारखान्यांत आणि कार्यालयांत दिवाळीपूर्वीचा एक उपक्रम आता ठरून गेला आहे. कर्मचारी वर्गणी काढतात, घरून फराळ आणतात, खोके भरतात आणि ते सीमेवरील जवानांना पाठवतात. आमच्या कंपनीतही हे होते, आणि मी खरेदी विभागात असल्यामुळे खोके, डबे, चिकटपट्टी आणि टपाल यांची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे येते. या कामावर माझे मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच ते कसे व्हावे याविषयी माझी मते ठाम आहेत. खोक्यात काय जावे, तो कधी निघावा आणि त्यावर काय छापावे, हे सारे तो उघडणाऱ्याच्या सोयीने ठरले पाहिजे. आणि ती सोय ज्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे असा माणूस बहुतेक वेळा आपल्याच फाटकावर उभा असतो.

जवान साधारणपणे पस्तीस-चाळिशीत निवृत्त होतो. तोवर मुलांची शिक्षणे व्हायची असतात, घराचे कर्ज फिटायचे असते, म्हणून तो दुसरी नोकरी धरतो. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे आपण ज्याला मेस्को म्हणतो ते, आणि इतर सुरक्षा संस्था यांच्यामार्फत अशी माणसे कारखान्यांना मिळतात. आमच्या फाटकावर सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांच्या नोकरीतील बराच काळ लडाखमध्ये गेला आहे. आम्ही रोज सकाळी त्यांना ओळखपत्र दाखवून आत जातो. फराळाची यादी मात्र दरवर्षी वरच्या मजल्यावरच्या वातानुकूलित खोलीत ठरत असे आणि त्या बैठकीला त्यांना कधी बोलावणे जात नसे. एका वर्षी ते गेले, आणि यादी किती बदलली हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

त्यांनी सर्वांत आधी लोकरीचे मोजे आणि मफलर काढायला लावले. अति उंचीवरच्या ठाण्यांवर जवानाला थंडीसाठी खास कपडे आणि बूट सैन्याकडूनच मिळतात, त्यामुळे बाजारातले मोजे तिथे पिशवीच्या तळाशी पडून राहतात, असे त्यांचे म्हणणे. मग ओल्या नारळाच्या करंज्या गेल्या, कारण त्या चार दिवसही धड टिकत नाहीत. चिवड्यातले तळलेले खोबरे गेले, कारण सगळ्यात आधी खवट होते ते तेच. त्याऐवजी त्यांनी लिहायला सांगितले ते असे: कोल्ड क्रीम, ओठांना लावायचे मलम, नेलकटर, सुईदोरा, पत्त्यांचे कॅट आणि सोलापुरी शेंगदाण्याची कोरडी चटणी. चटणीवर त्यांचा विशेष जोर होता. ती सांडत नाही, लवकर खराब होत नाही आणि लंगरात रोज तेच डाळ-भात-पोळी खाणाऱ्या माणसाच्या ताटाला ती घरची चव देते. (सैन्यात स्वयंपाकघराला आणि जेवणाच्या जागेलाही लंगर म्हणतात.) लाडू लिंबाएवढेच वळा, हेही त्यांनीच सांगितले. तुपातला बेसनाचा लाडू थंडीत इतका घट्ट होतो की मोठा लाडू दाताने फुटत नाही; छोटा तोंडात धरला की हळूहळू विरघळतो. २०१९ साली सियाचीनमधल्या जवानांची एक चित्रफीत सर्वत्र फिरली होती. तीत ते गोठलेल्या फळांच्या रसावर आणि अंड्यांवर हातोडी मारून दाखवत होते. ती आपण सर्वांनी पाहिली, पुढे पाठवली. परंतु तूप थिजणारा लाडू तिथे कसा खाल्ला जाईल, हा विचार ती पाहून आम्हांपैकी कोणाच्याही मनात आला नव्हता.

पाकिटांचा मुद्दा माझ्या विभागातला असल्यामुळे त्यावर मी थोडे थांबते. चिवडा कुरकुरीत राहावा म्हणून पाकिटात हवा भरून ते फुगवतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि लेह साडेतीन हजार मीटरच्या आसपास. तिथे बाहेरच्या हवेचा दाब बराच कमी असल्याने इथे भरलेली हवा प्रसरण पावते, पाकीट तट्ट फुगते आणि शिवण कच्ची असेल तर उकलते. चिवडा मग खोकाभर पसरतो आणि त्याला कोल्ड क्रीमचा वास लागतो. म्हणून आम्ही पाकिटे हवा काढून बंद करतो, खाण्याच्या वस्तू आणि अंगाला लावायच्या वस्तू वेगवेगळ्या खोक्यांत घालतो, आणि चकल्या घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या रचून मधल्या फटी शंकरपाळ्यांनी भरतो. असे केल्याने चकली मोडायला जागाच उरत नाही. ही युक्ती कॅन्टीनमधल्या एका ताईंची आहे, आणि पॅकिंगच्या कामात आयुष्य घालवलेल्या आमच्या लोकांनीही ती तत्काळ मान्य केली.

आता पत्त्याविषयी. सीमेवरच्या जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’, एवढेच असते. (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सैन्याचे टपाल कार्यालय.) ५६ एपीओची टपाले दिल्लीच्या आणि ९९ एपीओची कोलकात्याच्या केंद्रीय बेस पोस्ट ऑफिसात जातात. तिथे सैन्याच्या टपाल खात्याचे लोक ती युनिटनिहाय वेगळी करतात आणि फील्ड पोस्ट ऑफिसांमार्फत पुढे पाठवतात. हे लोक मुख्यतः आपल्या नेहमीच्या टपाल खात्यातूनच सैन्यात प्रतिनियुक्तीवर गेलेले असतात. १ मार्च १९७२ रोजी या सेवेला स्वतंत्र कोअरचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे कवीही होते, आणि त्यांच्या योजनेत ९ हा पहिला अंक सैन्याच्या टपालासाठी राखला गेला. मला या व्यवस्थेविषयी अतिशय आदर वाटतो. भोसरीतल्या पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला खोका कुठे जाणार हे कळत नाही, मलाही कळत नाही, आणि तरीही तो जायचा तिथे जातो.

म्हणूनच, ‘आपले खोके नेमके कुठल्या चौकीवर पोहोचले ते शोधून काढा, म्हणजे समाजमाध्यमावर टाकता येईल’ अशी मागणी कोणी केली की मी स्पष्ट नकार देते. पत्त्यात जागा लिहिलेली नसते त्याला कारण आहे. आपल्या कौतुकासाठी ते कारण मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अनोळखी लोकांनी पाठवलेले खाद्यपदार्थ सरसकट उघडून वाटता येत नाहीत, हेही समजून घ्यायला हवे. आम्ही केवळ अशाच युनिटांना पाठवतो जिथे आमच्या एखाद्या सहकाऱ्याचा भाऊ, मेहुणा किंवा मुलगा आहे आणि त्याने आपल्या अधिकाऱ्यांची परवानगी आधी घेतलेली आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या भागांतली इतकी माणसे आमच्या शॉप फ्लोअरवर आहेत की असे घर सापडायला अडचण येत नाही. ज्या कार्यालयात असे कोणी नसेल त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे.

वेळेचे गणित बहुतेकांचे चुकते. फराळ म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात करायचा, ही आपली सवय. पण त्या आठवड्यात निघालेला खोका तुळशीचे लग्न लागून गेल्यावरही रस्त्यात असू शकतो. श्रीनगरहून लडाखला जाणारा रस्ता साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीतून जातो, आणि बर्फ पडू लागले की तो कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे आम्ही गणपती विसर्जन झाले की यादी पक्की करतो, नवरात्रात खोके बांधतो आणि दसऱ्याच्या आत ते पोस्टात देतो. नव्या वर्षाचे दिवाळी अंक तोवर आलेले नसतात, म्हणून गेल्या वर्षीचे जातात. त्याने काही बिघडत नाही. कथा शिळी होत नाही, आणि जिथे मोबाइलला धड संपर्क मिळत नाही अशा ठिकाणी तो अंक हातोहात फिरतो, असे एका सहकाऱ्याच्या भावाने कळवले आहे.

खोक्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पत्र, आणि आपण सर्वांत कमी कष्ट घेतो ते त्याच्यावरच. ‘तुम्ही जागता म्हणून आम्ही निर्धास्त झोपतो’ हे वाक्य खोटे नाही. पण एकाच खोक्यातल्या सगळ्या पत्रांत तेच वाक्य असेल तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागते? आमच्याकडे एका फिटरने पत्रात खडकवासल्यातून पाणी सोडल्याचे, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे आणि गावाकडे सोयाबीन चांगले आल्याचे लिहिले होते. त्याला जत तालुक्यातल्या एका जवानाचे चार पानी उत्तर आले. आमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे ते घरचे फोनवर नीट सांगत नाहीत, काळजी नको म्हणून सगळे ठीक आहे एवढेच म्हणतात, तेव्हा तुम्हाला काही कळले तर कळवा, असे त्यात होते. फिटरने जतच्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून पावसाची खरी परिस्थिती विचारली आणि परत पत्र लिहिले. माझ्या दृष्टीने या उपक्रमाचे यश ते आहे. दुसरे असे की सर्व जवान मराठी नसतात. आमच्या कारखान्यात ओडिशा, बिहार, केरळ इथली माणसे आहेत. त्यांनी आपापल्या भाषेत लिहिलेली पत्रे आम्ही आवर्जून घालतो.

घेणाऱ्याचा विचार करून भेट पाठवण्याची पद्धत नवी नाही. १९१४ च्या नाताळात, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांसाठी पितळी डब्या काढल्या गेल्या, तेव्हा ब्रिटिश सैनिकांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या भारतीय सैनिकांपैकी शिखांसाठी मात्र तंबाखू वगळून खडीसाखर आणि मसाल्याची डबी ठेवली होती. ज्या साम्राज्याने या माणसांना परक्या लढाईत ढकलले त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. परंतु त्या यादीवर बसलेल्या कोणीतरी कोण काय खातो आणि काय खात नाही हे विचारले होते, एवढे खरे.

राहिला प्रश्न कंपनीच्या नावाचा. खोक्यावर बोधचिन्ह छापावे, भरतानाची छायाचित्रे काढावीत आणि खर्च सामाजिक दायित्व निधीतून दाखवावा, अशी सूचना दरवर्षी कोणीतरी करते. तिन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे हा निधी कोणत्या कामांवर खर्च करता येतो त्या यादीत, माजी सैनिक, युद्धात पती गमावलेल्या स्त्रिया आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसे यांच्या हिताच्या कामांचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीने आपला पैसा तिथे द्यावा: वीरपत्नींच्या मुलांच्या शिक्षणाला, माजी सैनिकांच्या प्रशिक्षणाला. ती मोठी आणि वर्षभर चालणारी कामे आहेत, आणि ती वर्गणीने होत नाहीत. फराळाचा खोका मात्र आम्हा कर्मचाऱ्यांचा राहू द्यावा. वर्गणीही ऐच्छिकच असावी. पगारातून परस्पर कापलेली रक्कम आणि स्वतः हाताने दिलेले पन्नास रुपये यांत फरक आहे, आणि ज्याची यंदा ओढाताण आहे त्याने केवळ पत्र लिहिले तरी तो या कामात पूर्ण सहभागी आहे.

सैन्य जवानांना खायला घालते, मग तुमच्या चिवड्याची गरज काय, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले. पोट भरण्यासाठी गरज नाहीच, हे मला मान्य आहे. पण मुंबईत किंवा अमेरिकेत असलेल्या स्वतःच्या मुलालाही आपण फराळ पाठवतो. तिथे त्याला खायला मिळत नाही म्हणून पाठवत नाही.

यंदा व्यवस्थापनाने बोधचिन्ह न छापण्याचे मान्य केले आहे आणि यादीची बैठक प्रथमच सुरक्षा विभागाच्या खोलीत, पाळी बदलण्याच्या वेळी होणार आहे, म्हणजे फाटकावरच्या सगळ्या माजी सैनिकांना येता येईल. इतर कार्यालयांतल्या मित्र-मैत्रिणींना हे करायचे असेल तर युनिटची परवानगी आत्ताच मागायला घ्या. तिला वेळ लागतो. हवा काढून पाकिटे बंद करण्याचे यंत्र आमच्याकडे आहे, ते नवरात्रापूर्वीच्या आठवड्यात कोणाला हवे असल्यास मला कळवावे.